दुहेरी फडके

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत माझे गाव आहे. गावाच्या वेशीबाहेर एक जुनी दगडी बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पाणी काढण्यास तेथे रहाट लागत नाही की दोर लागत नाही. पायऱ्या उतरावयाच्या, घागर बुडवावयाची आणि ती डोक्यावर घेऊन वर यावयाचे. आमच्या कित्येक पिढ्या या बारवेच्या पाण्यावर वाढल्या. तिच्या पाण्यात काही वाईट असेल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

१९८४ सालचा वैशाख महिना मला चांगला आठवतो. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. माझ्या चुलत्यांच्या पोटरीवर एक फोड आला. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. फोड फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखे काहीतरी डोकावू लागले. आजीने कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "नारू आला गं बाई!"

नारू हा एक कृमी आहे. तो दीड-दोन हात लांब असतो. पण जाडीने सुतळीहूनही बारीक असतो. तो ओढून काढता येत नाही, कारण मध्येच तुटला तर पाय सुजतो आणि पिकतो. म्हणून त्याचे टोक एका काडीला गुंडाळतात आणि रोज बोट-दोन बोटे, असा हळूहळू बाहेर काढतात. त्याला आठवडे लागतात. आबा ओसरीवर पाय पसरून बसून असत. आग असह्य झाली, की काठी टेकत टेकत बारवेवर जात आणि पाय पाण्यात सोडून बसत. तेवढाच त्यांना थंडावा मिळे. तिकडे मृग जवळ येत होता. औत धरणारा घरात दुसरा कोणी नव्हता.

नारू देवीच्या कोपाने होतो, असे गावात सारेच मानीत. त्याचे एक कारण आमच्या गावचे भारूडकार बुवा हेही होते. हातात एकतारी, पायांत चाळ आणि मागे टाळकऱ्यांची ओळ, अशा थाटात ते उभे राहिले, की म्हातारीकोतारी माणसेही झोप विसरत. त्यांचे एक पद नारूवर होते. देवी रुसली, नवस चुकला, म्हणून पायातून दोरा निघाला, असा त्याचा भाव. चाल इतकी गोड, की दळताना बायका तेच गात आणि खेळताना आम्ही मुलेही तेच गात असू.

त्या उन्हाळ्यात आरोग्य खात्याचा एक तरुण कार्यकर्ता गावात आला. नारूच्या निर्मूलनाची मोहीम देशात तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. त्याने चावडीवर चित्रांचा तक्ता टांगला आणि नारू पाण्यातून होतो, हे समजावून सांगितले. लोकांनी ते ऐकून घेतले आणि ते उठून गेले. आजी त्याला म्हणाली, "लेकरा, आमचे आजे-पणजे हेच पाणी प्याले. पाण्यात का कुठे दोरे असतात?"

तो तरुण निराश झाला. तेव्हा आमचे गुरुजी त्याला म्हणाले, "तुमचे म्हणणे खरे आहे, पण ते लोकांच्या कानांतून परत जाते. आत उतरण्याची वाट बुवांना ठाऊक आहे." दोघे बुवांच्या घरी गेले. मीही त्यांच्यामागून गेलो.

बुवांनी सारे शांतपणे ऐकले. मग ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही सांगता म्हणून मी गाणार नाही. देवीचे पदही मी असेच कोणी सांगितले म्हणून गायलो. आता पाहिल्यावाचून गाणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सारे बारवेवर गेलो. त्या तरुणाने काचेचा पेला पाण्याने भरून उन्हात धरला. पाण्यात पांढरे बारीक ठिपके होते आणि ते झटके देत हलत होते! त्याने बुवांच्या हाती भिंग दिले. बुवा पुष्कळ वेळ पाहत राहिले. नंतर मलाही पाहावयास मिळाले. एका ठिपक्याला शेपटी होती आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या होत्या. या जलचराला सायक्लोप्स म्हणतात.

मग त्या तरुणाने नारूचा सगळा प्रवास सांगितला. नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो, तेव्हा नारूची मादी हजारो सूक्ष्म पिल्ले पाण्यात सोडते. सायक्लोप्स ती पिल्ले खातात. असे पाणी आपण प्यालो, की सायक्लोप्स पोटात मरतात. पण पिल्ले जगतात आणि शरीरात शिरून वाढू लागतात. सुमारे एका वर्षाने त्यांतली मादी पायातून बाहेर डोकावते. नारूत सायक्लोप्सचा हा वाटा फेडचेन्को नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८७० साली दाखवून दिला होता. या रोगावर लस नाही आणि तो बरा करणारे औषधही नाही. उपाय एकच. पाणी दुहेरी फडक्यातून गाळावयाचे आणि रोग्याने पाण्यात पाय घालावयाचा नाही.

बुवांनी आपल्या उपरण्याची दुहेरी घडी केली आणि त्यातून पेल्यातले पाणी दुसऱ्या पेल्यात गाळले. पेला उन्हात धरून पुन्हा पाहिले. ठिपके दिसेनासे झाले होते. तेव्हा ते हळूच म्हणाले, "पंचवीस वर्षे मी गावाला खोटे शिकवले."

ज्येष्ठात गावचा सप्ताह होता. शेवटच्या रात्री बुवा भारुडाला उभे राहिले. टाळ वाजू लागले आणि लोक जुन्या पदाची वाट पाहू लागले. बुवांनी हात वर करून टाळ थांबवले आणि आपण आजवर गायलेले पद खोटे होते, असे सर्वांसमक्ष सांगितले. भिंगातून काय पाहिले, तेही सांगितले. सभा स्तब्ध झाली. मग त्यांनी एकतारी छेडली. चाल तीच होती; शब्द मात्र नवे होते.

घोटातून येतो पाव्हणा, पोटरीतून जाई,
दुहेरी फडक्यावाचून पाणी भरू नको गं बाई.

त्यांचा एक साथीदार लुगडे नेसून घरधनीण झाला होता आणि दुसरा नारू झाला होता. घरधनीण विचारी, "पाव्हण्या, आलास कधी?" नारू सांगे, "गेल्या वर्षी! तुझ्याच घागरीत बसून आलो." लोक पोट धरधरून हसले. "तुला पाण्यात कोणी सोडले?" असे तिने विचारले, तेव्हा नारू म्हणाला, "दुखरा पाय पाण्यात घालून बसला होता, त्याने." हे ऐकून माझ्याशेजारी बसलेल्या आबांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो, तो आजी घागरीच्या तोंडाला फडके बांधीत होती आणि तोंडाने तेच पद गुणगुणत होती. आबा काठी टेकत बारवेवर गेले. पण पाण्यात उतरले नाहीत. ते वरच्या पायरीवर बसले आणि पायाला पट्टी बांधलेल्या प्रत्येकाला म्हणू लागले, "बाबा, तू खाली उतरू नकोस. पाणी मी दुसऱ्याकडून आणवून देतो." त्या वर्षी शेजाऱ्यांनी इर्जीक करून आमची थोडी पेरणी केली, निम्मे रान मात्र पडीकच राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात गावात पुन्हा काही जणांना नारू निघाले. लोक कुरकुरू लागले, "फडके बांधून काय झाले?" परंतु हा पाहुणा वर्षभर आधी आलेला असतो, हे बुवांनी भारुडातच सांगून ठेवले होते. आता निघालेले नारू फडके बांधण्यापूर्वीच पोटात गेले होते. लोकांना ते आठवले, म्हणून फडकी सुटली नाहीत. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या आळीत एकाही घरात नारू निघाला नाही.

पुढे मी मोठा झालो, पुस्तके वाचू लागलो, तेव्हा मला कळले, की बुवांनी केले ते आपल्या भूमीत नवे नव्हते. आमच्या जिल्ह्याच्या कडेने वाहणाऱ्या गोदावरीच्या काठी, पैठण येथे, संत एकनाथांनी भारुडांतून लोकशिक्षण केले. आमच्याच अंबाजोगाईस दासोपंतांनी पंचमहाभूतांचा विचार सांगणारी ओवीबद्ध रचना सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहिली. तीच त्यांची प्रसिद्ध पासोडी. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास गणितातली उदाहरणे 'लीलावती'त श्लोकबद्ध केली. अगदी अलीकडे गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून स्वच्छतेचे आणि शिक्षणाचे उत्तर काढून घेत. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीच्या तालावर हेच कार्य केले.

या सर्वांनी गाण्याचीच वाट का धरली? तालात बसलेला शब्द सहजासहजी विसरत नाही. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही तो पाठ होतो. ध्रुवपद सारी सभा मिळून म्हणते, तेव्हा ते एकट्या गायकाचे राहत नाही; साऱ्या गावाचे होते. परंतु याच शक्तीमध्ये एक धोका आहे. सूर खऱ्या-खोट्याची निवड करीत नाही. जी चाल देवीच्या कोपाचे पद घरोघर घेऊन गेली, तीच चाल फडक्याचे पदही घेऊन गेली. चाल कशी बांधावी, हे बुवांना आधीपासूनच येत होते. त्या दिवशी बारवेवर ते शिकले, ते पाहावयास. आणि पाहिल्यावर आपली चूक चारचौघांत कबूल करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले.

भारतातील नारूचा शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. हे यश असंख्य आरोग्यसेवकांचे आहे, हातपंप बसविणाऱ्यांचे आहे आणि पहाटे उठून घागरीला फडके बांधणाऱ्या असंख्य स्त्रियांचे आहे.

आज आमच्या बारवेचे पाणी कोणी पीत नाही. बुवाही आता राहिले नाहीत. पण गावी गेलो, की मी त्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसतो आणि ते पद नकळत ओठांवर येते. आता गाणी बारवेवरून नव्हे, तर मोबाइलवरून घरोघर येतात; त्यांत औषधे असतात, उपाय असतात, भीतीही असते. चाल गोड लागली, की माझीही मान डोलू लागते. अशा वेळी मला भिंगावर वाकलेले बुवा दिसतात आणि मी स्वतःला विचारतो, 'या गाणाऱ्याने पाहिले असेल का?' पाण्याला जसे दुहेरी फडके लागते, तसे ते गाण्यालाही लागते. त्याचा एक पदर डोळ्यांचा असतो आणि दुसरा विचाराचा.