काळे वस्ती

नेवाशाला पैसाच्या खांबाचे दर्शन घेतले आणि प्रवरेच्या काठाने आबांच्या मळ्यावर गेलो. आबा माझे चुलते. आम्ही काळे, म्हणून ती काळे वस्ती. २०२४ पासून अहिल्यानगर झालेल्या आमच्या नगर जिल्ह्यात याचे कुणाला नवल नाही. उसातून चालत राहा, आडनावांच्याच वस्त्या लागतात.

विहिरीवर जुने डिझेल इंजिन गंजत होते. त्याला हँडल मारण्यावरून लहानपणी आम्हा पोरांत भांडणे होत. लिव्हर उचलून सिलिंडरमधला दाब मोकळा करायचा, चाकाने वेग घेतला की लिव्हर सोडायची. मग धडधड सुरू आणि पाटाला पाणी! विजेची मोटार आली आणि ते अडगळीत पडले.

"उद्या भंगारवाला यायचाय," आबा म्हणाले. "काय रं मास्तर, असलं इंजिन पहिल्यांदा काढलं कोणी?"

"काळ्यांनीच, आबा!"

आबा हसले; पण मी थट्टा करीत नव्हतो. एत्येन लनवार हा त्याचा कर्ता, आणि 'ल नवार' म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. जन्म १८२२ चा, आज बेल्जियममध्ये असलेल्या एका गावातला. १८६० मध्ये पॅरिसला त्याने कोळशाच्या वायूवर चालणारे इंजिन केले. वायू सिलिंडरच्या आतच विजेच्या ठिणगीने पेटे. मात्र तो आधी दाबून घेतलेला नसे, त्यामुळे इंजिन भारी खादाड. दाबण्याची युक्ती जर्मनीत ऑटोने १८७६ मध्ये साधली. पुढे डिझेलने दाब इतका वाढवला की ठिणगीच नको!

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात लेनोर नावाचे शहर आहे. आडनाव तेच, उच्चार तिकडचा. ते दिले विल्यम लेनोर या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकाच्या नावावरून. इंजिनवाल्याचा तिथे संबंध नाही. म्हणजे तीही काळे वस्तीच की!

आपल्याकडे बहुधा गावावरून आडनाव येते. किर्लोस्करांनी मात्र फेरा पुरा केला: किर्लोस गावावरून आडनाव, आडनावावरून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. आबांच्या इंजिनावरची पाटी धोतराच्या सोग्याने पुसली, तर तेच नाव निघाले.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या तिकडच्या काळ्यांना पाणी हाय का?"

सकाळी भंगारवाला आला. इंजिन टेंपोत चढले. हँडल मात्र आबांनी रात्रीच काढून देवघराच्या कोपऱ्यात उभे केले होते.