बक्षिसीचा गुन्हा

आपखुशीने देऊ केलेल्या दोनशे रुपयांपायी एका तरुण कामगाराची भर गर्दीत झडती व्हावी, ते रुपये देणारा मनुष्य समोर उभा राहून 'त्याने मागितले नाहीत, मी दिले' असे पुनःपुन्हा सांगत असता त्याच्या सांगण्यास पुराव्याचे मोलही मिळू नये, आणि हा सारा प्रकार प्रवाशांच्या हिताकरिता म्हणून केला जावा, याचा मला आलेला संताप इतका काळ लोटला तरी शमलेला नाही. ज्यांची मुलेबाळे परदेशी आहेत आणि ज्यांना उतारवयात विमानतळावरून परस्वाधीनपणे जावे लागते, अशा वाचकांनी तरी ही हकिकत ऐकावी, एवढ्यासाठी ती लिहीत आहे. विमानतळाचे अथवा कंपन्यांचे नाव देत नाही, कारण माझी तक्रार एखाद्या कंपनीपुरती नाही.

आमची कन्या न्यू जर्सीत असते. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदललेले असल्यामुळे तिच्याने लांब चालवत नाही, म्हणून तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवली होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे अपंग व चालण्यास असमर्थ प्रवाशांकडून या सेवेचे मूल्य घेता येत नाही, हे सर्वांस ठाऊकच आहे. धडधाकट माणसे रांग टाळण्यासाठी ही खुर्ची मागतात असा बोभाटा अलीकडे फार होतो, आणि त्यात काही तथ्यही असेल. परंतु ज्यांना ती केवळ चैन वाटते त्यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईस घडलेली घटना आठवावी. न्यूयॉर्कहून आलेल्या 80 वर्षांच्या एका गृहस्थांनी स्वतःसाठी व पत्नीसाठी खुर्च्या सांगितल्या असता एकच आली. ती पत्नीस देऊन ते मागोमाग पायी निघाले आणि वाटेतच कोसळून गतप्राण झाले. विमान कंपनीस महासंचालनालयाने 30 लाख रुपये दंड केला. त्या दिवशी खुर्ची ढकलणारा आणखी एक मनुष्य हजर असता, तर ते कदाचित वाचते. या मनुष्याच्या कामाची किंमत काय, हा प्रश्न मी तेथून पाहतो.

आमच्या वाट्यास आलेला तरुण पंचविशीच्या आतबाहेरचा, कोकणातला होता. खुर्ची ढकलणे एवढेच त्याचे काम असावे अशी माझी समजूत होती. पण प्रत्यक्षात त्याने आमचा जणू भारच उचलला. सामान कोणत्या पट्ट्यावर, कोणता कागद हाती ठेवायचा व कोणता आत, हे त्याने आधीच सांगून ठेवले. सुरक्षा तपासणीत धातुशोधक यंत्र पत्नीच्या गुडघ्यांशी येताच किंचाळू लागले, तेव्हा ती घाबरून गेली असता, "मॅडम, काकूंच्या गुडघ्यांत ऑपरेशनचा धातू आहे, त्यांना उभं राहवत नाही," असे त्याने महिला जवानास अदबीने सांगितले आणि पडद्याआडची तपासणी बसल्या जागीच करवून घेतली. पुढे स्वच्छतागृहाची वेळ आली तेव्हा पत्नीस संकोच वाटतो हे न सांगता ओळखून त्याने आपल्याबरोबर काम करणारी एक मुलगी शोधून आणली. विमानाकडे जाणाऱ्या दारापाशी खुर्ची उभी करून त्याने चाके अडकवली आणि म्हणाला, "काकू, ब्रेक लावलाय. मी आल्याशिवाय उठायचं नाही हं." पोटच्या मुलाकडून याहून अधिक काय अपेक्षावे?

येथे माझ्या मनाची पूर्वपीठिका सांगणे भाग आहे. माझी हयात महसूल खात्यात गेली. कर्तव्य म्हणून जे करावयाचे त्यासाठी जनतेकडून चहाचा पेलाही घेऊ नये, या शिस्तीत मी वाढलो व हाताखालच्या लोकांना तीच शिस्त लावली. उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी, खरेदीखतासाठी मागितली जाणारी 'खुशी' किती खोटी असते, हे मी दप्तराच्या आत बसून पाहिले आहे. त्यामुळे हॉटेलात, केशकर्तनालयात, कोठेही वर पैसे ठेवण्याचा मला तिटकारा होता. देणारा त्याने मोठा होतो आणि घेणारा लहान होतो, असे मी म्हणत असे, आणि आजही त्यातला अर्धा भाग मला खरा वाटतो. परंतु अंमलदाराच्या हाती अडवणुकीची सत्ता असते. या तरुणाच्या हाती कसली सत्ता होती? काम संपत आलेले होते, आमचे त्याच्यावाचून काही अडलेले नव्हते, आणि त्याने तोंडाने अथवा नजरेनेही काही सुचविले नव्हते. बोलता बोलता एवढेच समजले होते की त्याचा पगार विमान कंपनी देत नाही, तिने नेमलेला कंत्राटदार देतो. आणि तो किती, हे ऐकून मी गप्प झालो होतो. तेव्हा मी खिशातून दोन नोटा काढून त्याच्या हातावर ठेवल्या. तो नको म्हणाला, मी आग्रह केला, पत्नीनेही केला, आणि त्याने त्या घेतल्या.

त्या नोटा त्याच्या खिशात जातात न जातात तोच कोट घातलेला, हाती बिनतारी यंत्र असलेला एक गृहस्थ पुढे आला. हा त्यांचा मुकादम; हुद्दा सुपरवायझर. "काय घेतलंस? काढ बाहेर," असे तो इतक्या मोठ्याने म्हणाला की आसपासच्या बाकांवरील माणसे माना वळवून पाहू लागली. तरुणाने मुकाट्याने नोटा काढून पत्नीच्या मांडीवर ठेवल्या. त्यावर समाधान न होता त्याला दोन्ही खिसे उलटे करावयास लावले. त्यातून एक रुमाल, डबीत ठेवलेली गोळी आणि घरच्या किल्ल्या निघाल्या. गळ्यातील ओळखपत्र उतरवून घेण्यात आले आणि त्यावरचा क्रमांक यंत्रावरून कोणास तरी कळविण्यात आला. मी उठून म्हणालो, "अहो, पैसे मी दिले, माझ्या इच्छेने दिले. त्याने मागितले नाहीत." मुकादमाने मला विचारले, "साहेब, आपली या माणसाविरुद्ध काही तक्रार आहे का?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मग आपला यात संबंध नाही. आपण बसून घ्या."

माझी तक्रार असती तर माझा संबंध होता! त्या एका क्षणी माझ्या शब्दाला वजन आले असते, त्याची जबानी झाली असती, कागद झाला असता. मला त्या माणसाच्या बाजूने बोलावयाचे होते म्हणून मी उपरा ठरलो. मी सेवेत असताना शेकडो चौकशा केल्या. परंतु ज्याच्याकडून पैसे घेतल्याचा आरोप आहे त्याचीच साक्ष घ्यावयाची नाही, असा चौकशीचा प्रकार मी कधी पाहिला नव्हता. कागद द्या, मी लेखी कैफियत देतो, असे म्हटले तर लेखी येथे घेत नाहीत असे उत्तर मिळाले. मी आवाज चढवणार तोच तो तरुण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, तुम्ही बोलू नका. माझंच वाढेल." मी गप्प बसलो. इतक्यात विमानात बसण्याची घोषणा झाली. पत्नीची खुर्ची दुसऱ्याच एका माणसाने आत नेली, आणि त्या माणसाने वाटेत आमच्याकडे मान वर करूनही पाहिले नाही.

अमेरिकेस पोहोचताच मी दोन ठिकाणी अर्ज पाठविले. विमान कंपनीचे उत्तर आले की सदर इसम आमचा नोकर नाही, सबब अर्ज संबंधित संस्थेकडे वर्ग केला आहे. संबंधित संस्थेचे उत्तर आले की ही आमची अंतर्गत बाब आहे. मी स्मरणपत्रे पाठविली. त्यांना उत्तर नाही.

तेथील विमानतळावर आमची खुर्ची ढकलावयास घाना देशातून आलेल्या एक प्रौढ बाई होत्या. बाहेरच्या दारापाशी जावयाने सर्वांदेखत त्यांच्या हातात दहा डॉलर ठेवले, त्यांनी हसून आभार मानले, आणि कोणी वळूनही पाहिले नाही. त्या घटकेस मला तो देश आपल्याहून न्यायी वाटला. परंतु घरी गेल्यावर जावयाने तेथील वेतनाचा कायदा समजावून दिला आणि माझे मत पुन्हा डळमळले. ज्या कामगारांना लोकांकडून टिप मिळते, त्यांना मालकाने स्वतःच्या पदरचे ताशी फक्त 2.13 डॉलर दिले तरी मध्यवर्ती कायद्यास ते चालते. हा आकडा 1991 पासून हललेला नाही. टिप धरून एकूण मजुरी ताशी 7.25 डॉलर भरली म्हणजे झाले, आणि तो आकडाही 2009 पासूनचाच. काही राज्यांनी आपापले दर वाढविले आहेत हे खरे, तरी बहुतेक ठिकाणी तत्त्व तेच राहते. म्हणजे जावयाने दिलेले पैसे त्या बाईंच्या मालकाची बचत ठरणे तेथे कायदेशीर आहे! आमच्याकडे बक्षिसी घेणे हा गुन्हा, तेथे ती मजुरीतून वळती. दोन्हीकडे सुटला तो मालक.

हा प्रश्न विमानांहून जुना आहे. अमेरिकेतील पुलमन कंपनीच्या शयनयानांत प्रवाशांची शय्या घालणारे, बूट पुसणारे, सामान वाहणारे कृष्णवर्णीय सेवक तुटपुंज्या पगारावर, प्रवाशांच्या टिपेच्या आशेवर पिढ्यान्‌पिढ्या राबले. 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली, आणि तिने टिपेऐवजी पोट भरेल असे वेतन मागितले. टिपेच्या या पद्धतीविरुद्ध संघटना आंतरराज्य वाणिज्य आयोगापुढे गेली, तेव्हा आयोगाने 1928 मध्ये हे आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही म्हणून दाद दिली नाही. मला आलेली दोन उत्तरे त्याच मासल्याची आहेत. तथापि ते लोक थांबले नाहीत; 1937 मध्ये बलाढ्य कंपनीस त्यांच्याशी करार करावा लागला.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. मुंबईच्या बाजारपेठांतून पाठीवर गोण्या वाहणाऱ्या माथाडींना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले, आणि 1969 च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांच्या अधिनियमाने त्यांच्या मजुरीची, भविष्यनिर्वाह निधीची, रजेची व्यवस्था मंडळांमार्फत लावून दिली. कामगार कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर नाही, ही सबब त्या कायद्याने निकालात काढली. 1970 च्या कंत्राटी कामगारांविषयीच्या कायद्यानेही कंत्राटदाराने मजुरी थकविली तर मूळ मालकावर ती देण्याचे दायित्व टाकले होते. रेल्वेच्या फलाटावरील हमालाच्या दंडावर बिल्ला असतो आणि त्याचे दर फलकावर लिहिलेले असतात. मग काचेच्या भिंतींच्या आत, सर्वांत श्रीमंत प्रवासाच्या ठिकाणी, वृद्धांचा देह सांभाळणाऱ्या माणसास त्याचे मोल मिळू नये आणि कोणी दिलेच तर त्याचे खिसे उलटे करावे, हे कोणत्या न्यायाने?

प्रवाशांना अडवून, विमान सुटण्याची भीती घालून पैसे उकळणारेही या धंद्यात आहेत, हे मी नाकारीत नाही. एका परिचित वृद्धेस अर्ध्या वाटेत बसवून पैसे मागितल्याचे मी ऐकले आहे. अशांस शासन झालेच पाहिजे, आणि बक्षिसीवरील बंदीचा नियम त्यांच्यासाठीच केला असेल. परंतु मागणारा व न मागणारा यांत भेद करावयाचा तर प्रवाशास विचारावे लागेल, आणि विचारण्याचीच तयारी नाही.

माझ्या वयाच्या प्रवाशांना माझे सांगणे असे. अमेरिकेस जात असाल तर पाच-पाच डॉलरच्या नोटा हाताशी असू द्या आणि देताना हात आखडू नका, कारण तेथील कायदा काहीही असो, त्या बाईंचा संसार त्या दिवशी तुमच्यावरच अवलंबून आहे. आपल्या देशात असाल तर आधी त्या माणसालाच विचारा, 'घेतलेले चालते का?' आणि तो नाही म्हणाला तर आग्रह करू नका. त्याच्या ओळखपत्रावरचे नाव, क्रमांक, तारीख आणि विमानाचा क्रमांक टिपून घ्या, आणि घरी पोहोचल्यावर विमान कंपनीस, कंत्राटदारास व विमानतळाच्या व्यवस्थापकास त्याने काय काय केले ते सविस्तर लिहून कळवा. तक्रारीचे कागद सर्वत्र जपून ठेवले जातात. प्रशंसेचेही त्याच दप्तरात ठेवा, असे त्यांना पत्रातच बजावा. आणि या लोकांना कंत्राटदार किती वेतन देतो, हा प्रश्न प्रत्येक पत्राच्या शेवटी न चुकता विचारा.