आठ सिलिंडरांचें भवितव्य

आमच्या नातवास मोटारींचा भारी नाद. परवां तो खिन्न होऊन म्हणाला, “आजोबा, आठ सिलिंडरांचें इंजिन आतां जाणार!” युरोपांत धुराचे निर्बंध कडक होत चालले आहेत. मर्सिडीजनें २०२२ सालीं सी-६३ या वेगवान गाडींत आठांच्या जागीं चारच सिलिंडर ठेविले. विजेच्या मोटारीची जोड मिळाल्यानें शक्ति उलट वाढली, पण तो धीरगंभीर ध्वनि गेला. बेंटलीनें मात्र २०२४ सालीं बारांचें इंजिन बंद करून आठांचें राखिलें; तेंहि विजेच्याच साह्यानें.

मला विचाराल, तर जुन्या-नव्याचें द्वंद्व म्हणजे कलहच नव्हे. व्याकरणांत द्वंद्व हा समासहि आहे. माझी दृष्टि मंदावल्यापासून हाच नातू मला वर्तमानपत्र वाचून दाखवितो. वाचतो तो, अर्थ सांगतों मी.