दुष्फेन

आमच्या अंबाजोगाईच्या घरात भांडी धुण्याचे यंत्र आहे, हे मी महाविद्यालयात सहसा कुणाला सांगत नाही. ज्या गावात उन्हाळ्याच्या सकाळी टँकरची वाट पाहण्यात जातात, त्या गावात असले यंत्र म्हणजे निव्वळ मिरवण्याची वस्तू, असा समज होतो, आणि तो दूर करण्यासाठी दर वेळी हिशेब मांडत बसावे लागते. हिशेब खरा आहे. एका फेरीला यंत्र दहा-बारा लिटर पाणी घेते. तेवढीच भांडी मोरीत घासली तर दोन बादल्या सहज जातात, विसळताना हात सैल सुटला तर तीन. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा इकडे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. ते वर्ष ज्यांनी काढले त्यांच्या डोक्यात बादल्यांचा हिशेब कायमचा बसलेला आहे. परंतु यंत्र आम्ही पाण्यासाठी घेतलेच नव्हते. ते घेतले मावशींमुळे.

मावशी आमच्याकडे बारा वर्षांपासून भांडी घासतात. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने. दिवाळीच्या आगेमागे त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगावे लागेल की मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ असतो. बायको मागे राहिली तर कोयता अर्धा होतो आणि उचल घेतलेली असल्याने तो अर्धा करता येत नाही. मावशी गेल्या की मोरीत भांड्यांचा ढीग, सासूबाईंची संधिवाताने वाकलेली बोटे आणि माझे सकाळचे तास. २०२१ च्या दिवाळीत आम्ही यंत्र आणले. होळीनंतर मावशी परतल्या तेव्हा केर-फरशी आणि यंत्रात न मावणारी पातेली एवढेच काम त्यांच्याकडे उरले. पगार त्या मानाने कमी झाला. त्या वेळी मला ते रास्तच वाटले होते.

गेल्या श्रावणात यंत्र बंद पडले. बंद पडले म्हणजे काय, हे नीट सांगितले पाहिजे, कारण निदानाचे सारे मर्म त्यातच होते. कळ दाबली की ते पाणी आत घेईना. उलट आत नसलेले पाणी बाहेर फेकण्याचा पंप तेवढा घरघरत राही, आणि मग पडद्यावर एक आकडा चमके. कंपनीचा माणूस तेरा दिवसांनी आला. त्याने दार उघडले, आकडा पाहिला आणि सर्किटचा बोर्ड गेल्याचे सांगून चौदा हजारांचा अंदाज लिहून दिला. पुढे स्वतःहूनच म्हणाला, “मॅडम, यापेक्षा नवीनच घ्या.” यंत्राला तळ असतो आणि तो उघडून पाहता येतो, हे बहुधा त्याला शिकवलेले नसावे. पोथी न उघडताच लेखनिकाला दोष देणारे संशोधक आपल्या क्षेत्रातही आहेत, म्हणून मी फार रागावले नाही.

त्या दिवसांत माझ्या मनात एक संशय होता. तो लपवण्यात अर्थ नाही. कुणी बोलून दाखवीत नव्हते, पण घरात सगळ्यांनाच वाटत होते की मावशींनी काहीतरी केले असणार. एकदा मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलेही, “मावशी, तुम्ही कधी यात काही टाकलं होतं का?” त्या फरशी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी कामून हात लावू ताई त्याला? ते काय माझं काम हाय का?” या वाक्याचे दोन अर्थ होतात. मी त्या वेळी एकच घेतला.

शेवटी आमच्या गल्लीच्या टोकाला बोअरच्या मोटारी रिवाइंडिंग करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना बोलावले. असले यंत्र त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. त्यांनी आधी कान लावून पंपाचा आवाज ऐकला. “मॅडम, मोटार चांगलीये. ती पाणी फेकायलीये, म्हणजे तिला कुठंतरी पाणी दिसायलंय.” मग खालची पट्टी काढून त्यांनी बॅटरीचा झोत आत टाकला. तळाच्या पत्र्याच्या ताटात बोटभर पाणी साचले होते आणि त्यावर थर्माकोलची एक चकती तरंगत होती. चकती वर उचलली गेली की तिच्यावरचे बटण दाबले जाते, आणि गळती आहे असे समजून यंत्र पाणी घेणे थांबवून नुसते बाहेर फेकत राहते. यंत्र बिघडले नव्हते. त्याला जे सांगितले होते तेच ते इमानाने करीत होते. दोघांनी मिळून ते मागे तिरके केले, पाणी ओतून दिले, ताट पुसले आणि यंत्र चालू झाले. त्यांनी तीनशे रुपये घेतले, तेही संकोचाने.

पण ताटात पाणी आले कुठून? तेथे वाळलेल्या फेसाच्या पांढऱ्या कडा होत्या. त्या पाहिल्या आणि मला आठवले. यंत्राची पावडर इथे मिळत नाही, पुण्याहून मागवावी लागते. ती संपली होती, पार्सल यायचे होते, म्हणून एका रात्री मीच भांड्यांचा साधा पातळ साबण दोन चमचे टाकला होता. दोन चमच्यांनी काय होणार, असे वाटण्यालाही कारण होते. बालाघाटच्या या काळ्या खडकातले आमच्या बोअरचे पाणी असे, की पाव वाटी साबण घातला तरी फेस धरत नाही. मराठी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात या पाण्याला एक नेमका शब्द होता: दुष्फेन. संस्कृतप्रचुर पारिभाषिक शब्दांची आपण पुष्कळ थट्टा करतो. मीही वर्गात केली आहे. पण या शब्दात संपूर्ण निदान होते. यंत्राच्या पोटात राळेच्या बारीक मण्यांचा एक कप्पा असतो. तो पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो व बदल्यात सोडियम देतो. कप्प्याची ताकद मिठाने पुन्हा भरते, म्हणून त्यात जाडे मीठ घालत राहावे लागते. ते मी आदल्याच दिवशी काठोकाठ भरले होते. म्हणजे नळापर्यंतचे दुष्फेन पाणी आत जाताच सुफेन झाले, साबण फुलला आणि दाराच्या खालच्या फटीतून फेस तळात उतरला. आयुष्यभर एका पाण्यात वावरलेल्या माणसाला दुसऱ्या पाण्याची कल्पना येत नाही.

दाराची खालची रबरी पट्टी मात्र खरोखरच कडक झाली होती. ती बदलायची तर पट्टी आणि माणसाची खेप मिळून तीन हजार दोनशे. चार वर्षांच्या यंत्राला ही रक्कम जास्त नव्हे. तरीही मी आठवडाभर निर्णय लांबवला.

या यंत्राची कुळकथा मी तेव्हा वाचली. जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी १८८६ साली पेटंट घेतलेले यंत्र १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात मांडले होते. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली सर्वधर्मपरिषद आपल्याला विवेकानंदांमुळे ठाऊक असते. बाई श्रीमंत होत्या, स्वतः भांडी घासत नव्हत्या. नोकरांच्या हातून घराण्यातल्या चिनी मातीच्या बशांचे टवके उडत, म्हणून त्यांना यंत्र हवे होते, असे सांगतात. म्हणजे काळजी बशांची होती, हातांची नव्हे. नवऱ्यामागे कर्ज उरले तेव्हा त्याच यंत्राने त्यांना पोटापाण्याला लावले, हे त्या कथेतले पुढचे वळण. जनाबाई शिकवताना देव तिच्यासोबत दळतो, कांडतो, हे मी इतक्या वर्षांत भक्तीचे उत्कट रूप म्हणून सांगत आले, एका मुलीने मागे विचारले होते, “मॅडम, मग तिचं काम कमी झालं का?” वर्ग हसला होता. ती मुलगी साखरशाळेत शिकून आलेली होती.

यंत्र बंद होते ते सव्वा महिना मावशी सगळी भांडी घासत होत्या आणि त्यांना पूर्वीचा पूर्ण पगार मिळत होता. पट्टी बदलली की तो पुन्हा कमी होणार, हे मला कळत होते आणि त्यांनाही. एका सकाळी मी सांगून टाकले की साबण मीच टाकला होता. “असू द्या,” म्हणाल्या. जरा वेळाने राखेचा हात झटकत म्हणाल्या, “करून घ्या ताई दुरुस्त. दिवाळीनंतर म्या नसते, आजीच्या हातानं होत न्हाई. पण तवर भांडे मलाच ठेवा. उचल घेतलीय, ती घरात लागली. हातात काही न्हाई.” इतका स्पष्ट तोडगा आमच्या विभागाच्या बैठकीत कधी निघालेला नाही.

पट्टी बदलली. मोटारवाल्यांनी मात्र बजावले की यंत्र नुसते बंद ठेवू नका, रबर वाळते. आठ दिवसांतून एकदा फिरवा. म्हणून रविवारी आम्ही त्यात पेले आणि वाट्या लावतो. पहिल्या रविवारी मावशी फेरी संपेपर्यंत थांबल्या. दार उघडल्यावर त्यांनी एक पेला उजेडात धरून पाहिला, काही न बोलता तो बाजूला ठेवला आणि मोरीवर नेऊन पुन्हा विसळला.