थोरल्या साडूंच्या दोन मोटारी

विलायतेत राहणारा मराठी माणूस खिडकीत तुळस लावतो आणि चकलीची भाजणी पुण्याहून मागवतो, हे सर्वांना ठाऊक आहे. आमचे थोरले साडू यापुढे गेले. कॉव्हेंट्रीत नोकरी करता करता त्यांनी दोन जुन्या मोटारी पोटच्या पोरींसारख्या सांभाळल्या. एक जग्वार ई-टाइप आणि दुसरी रेंज रोव्हर. गेल्या वर्षी त्यांनी लहान घर घेतले. गॅरेज एकाच मोटारीचे. "कुठली ठेवू?" असे त्यांनी मला विचारले. मला! जन्मभर स्कूटरला लाथा मारणाऱ्या माणसाला!

ई-टाइप प्रथम दिसली १९६१ साली, जिनिव्हाच्या प्रदर्शनात. तिची आकृती आखणारा माल्कम सेयर मूळचा विमानांच्या कारखान्यातला. वाऱ्यानेच हात फिरवून गुळगुळीत केल्यासारखे तिचे अंग आहे. बॉनेट इतके लांब की चौकात आधी ते पोचते, मागाहून साडू. उंची जेमतेम चार फूट. आत शिरायचे म्हणजे आधी बूड, मग पाय आणि उरलीच तर प्रतिष्ठा. पण ते सहा सिलिंडरांचे इंजिन एकदा गुरगुरले की वय विसरायला होते.

रेंज रोव्हर १९७० सालची. तिच्यात चढावे लागते. अ‍ॅल्युमिनियमचे आठ सिलिंडरांचे इंजिन, चारही चाकांना सदैव जोर, आणि पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा. त्यामुळे ढेकळांतून गेली तरी पोटातले पाणी हलत नाही. १९७१-७२ मध्ये ब्रिटिश सैनिकांनी अशा दोन गाड्या अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत नेल्या, वाटेतले डेरियनचे रान तुडवून. चार दारे मात्र तिला १९८१ पर्यंत मिळाली नाहीत. मागे बसणाऱ्याने पुढची खुर्ची वाकवून घुसायचे, आपल्याकडे गर्दीच्या लोकलमध्ये घुसतात तसे.

२००८ साली टाटा मोटर्सने ही दोन्ही घराणी विकत घेतली. तेव्हापासून साडू म्हणतात, "दोघींचं सासर मुंबई!"

मी रेंज रोव्हरच्या बाजूने कौल दिला. साडू अठ्ठ्याहत्तरचे, अक्कांचे गुडघे दुखरे. शिवाय जग्वारला किंमत चांगली येणार. याहून उघड हिशेब तो कोणता?

अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मोठी विका. तीस वर्षं तिच्यातून मुलं, गाद्या अन् पाहुण्यांच्या बॅगा वाहिल्या. माझ्या वाट्याला कायम मागची सीट. आता दोघंच उरलोय, तर दोघांचीच गाडी ठेवा."

"अगं, पण तुझे गुडघे?"

"हात धरून उठवायला तुम्ही आहात की!"

साडू चष्मा पुसत बसले. पुष्कळ वेळ पुसत होते.

रेंज रोव्हर वेल्समधल्या एका मेंढपाळाने नेली. त्याने मागची खालची फळी पाडली, तिच्या कडेचा गंज नखाने खरवडून पाहिला आणि शंभर पौंड कमी केले. अक्कांनी त्याला चहा पाजून पन्नास परत चढवले.