रोध

अडवणारा माणूस कोणालाही प्रिय नसतो. सरकारी कचेरीत तर नाहीच नाही. ज्याच्या मेजावर येऊन कागदाचा वेग मंदावतो, त्याच्याविषयी चार शब्द बरे बोलले गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. खर्चाच्या प्रस्तावांवर प्रश्न विचारणे हेच ज्याचे काम, अशा जागेवर माझी बरीच वर्षे गेली. 'तुम्हांला फक्त अडवता येते' हे वाक्य त्यामुळे मला पाठ झाले आहे. त्याचे उत्तर मला सापडले ते रेडिओच्या पोटातल्या एका क्षुद्र वस्तूत.

जुना रेडिओ उघडला की गव्हाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, अंगावर रंगीत पट्टे ल्यालेल्या नळ्या दिसतात. त्यांना रेझिस्टर म्हणतात. आपण रोधक म्हणू. ते पट्टे शोभेसाठी नव्हेत. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन. पहिले दोन पट्टे आकडे सांगतात, तिसरा पुढची शून्ये. नारिंगी, नारिंगी, तपकिरी म्हणजे ३३० ओहम. शेवटचा सोनेरी पट्टा तर मोठा प्रामाणिक: मापात शेकडा पाच इकडेतिकडे होईल, असे तो आधीच सांगून टाकतो.

त्याचे काम काय? लहानसा तांबडा एलईडी दिवा घ्या. त्याला सुमारे २ व्होल्ट पुरतात. ५ व्होल्टच्या पुरवठ्याला तो सरळ जोडला, तर झगझगून थोड्याच वेळात जळून जाईल. मध्ये ३३० ओहमचा रोधक घातला, की वरचे ३ व्होल्ट तो स्वतःवर घेतो. जॉर्ज ओहमने १८२७ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे ३ ला ३३० ने भागावे. सुमारे ९ मिलिअँपिअर प्रवाह उरतो आणि दिवा वर्षानुवर्षे शांतपणे तेवतो. रोधक प्रवाह थांबवीत नाही, झेपेल इतकाच जाऊ देतो. थांबवणारा तो दुर्वाहक; त्याची जात निराळी. कचेऱ्यांतून या दोघांची सदैव गल्लत होते.

पण हे काम फुकट होत नाही. जुन्या सरकारी क्वार्टर्समधली पंख्याच्या रेग्युलेटरची ती जड पेटी अनेकांना आठवत असेल. तिच्या आत तारेचा रोधक असे. पंखा मंद केला की काही वीज त्या तारेत खर्ची पडे आणि पेटी तापे. वाऱ्याचे श्रेय पंख्याला, ताप मात्र पेटीला! म्हणूनच रोधक निवडताना केवळ ओहम पाहून भागत नाही. तो किती वॅट उष्णता सोसेल, हेही पाहावे लागते. पाव वॅटच्या रोधकावर एक वॅटचा भार टाकला तर तो करपतो. पुढे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आले आणि तेच काम फारच थोड्या नासाडीत होऊ लागले. रोध आवश्यक असतो. त्यापायी होणारी नासाडी मात्र भूषण नव्हे.

हे विचार मनात येतात ते बहुधा कस्तुरबा गांधी मार्गावर. कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता पूर्वी कर्झन रोड होता. २०१३ साली येथे नवे महाराष्ट्र सदन सुरू झाल्यापासून आपणां मराठी मंडळींची पावले इकडे अधिकच वळतात. ज्याने १९०५ मध्ये वंगभंग रेटला त्या व्हाइसरॉयचे नाव गेले आणि पतीच्याही आज्ञेला शांतपणे नकार देणाऱ्या स्त्रीचे आले. अहिंसेचा धडा आपण पत्नीकडून शिकलो, असे गांधीजींनी सांगितले आहे: बांनी विरोध केला आणि त्याचा ताप स्वतः सोसला. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेतच, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचा अंत झाला.

ती तुलना माझ्यासारख्याने स्वतःशी करू नये, हे खरे. तरी एक कसोटी त्यातून घेता येते. कागदावर प्रश्न लिहिण्यापूर्वी मी आता दोनच गोष्टी पाहतो: या प्रश्नाने पलीकडचा दिवा टिकणार आहे काय, आणि त्याचा ताप कोण सोसणार? जादा दोन तास बसून मलाच आकडे तपासावे लागणार असतील, तर प्रश्न राहतो. कोणा खेड्यातल्या शाळेचे छप्पर एक पावसाळा थांबणार असेल, तर तो मी खोडतो आणि सही करतो.