आठवीचा हजेरीपट

चिंचोळी एमआयडीसी,
सोलापूर

ती. बाईंस,


मार्च २०२२ मध्ये दहावीच्या परीक्षेस बसलेल्या तुकडीचा स्नेहमेळावा भरवण्याचे ठरले असून त्या निमित्ताने या तुकडीच्या एकत्र शालेय वर्षांविषयी काही लिहून पाठवावे, अशी सूचना बाईंकडून आली होती. प्रस्तुत पत्र हे त्या सूचनेचे उत्तर आहे. घरगुती पत्राला न शोभण्याइतकी व्याख्यांची आणि तारखांची गर्दी त्यात झाली आहे, परंतु या तुकडीचा विषय तारखांवाचून मांडता येण्याजोगा नाही.

शालेय व्यवहारात एका इयत्तेतील, एकाच वर्गशिक्षकाकडे सोपवलेल्या विद्यार्थ्यांच्या गटाला तुकडी म्हणतात. मोठ्या शाळांत ती 'अ', 'ब', 'क' अशा अक्षरांनी ओळखली जाते, आणि जेथे एकच तुकडी असते तेथे 'अ' हे अक्षर केवळ कागदावर उरते. अशा लहान शाळेत पट, म्हणजे नोंदलेल्या विद्यार्थ्यांची संख्या, सर्वांच्या तोंडी असतो, कारण कोणत्या शाळेला शिक्षकांची किती पदे द्यावयाची हे ठरवणारी शासनाची प्रक्रिया, जिला संचमान्यता असे नाव आहे, ती याच आकड्यावर चालते. त्यामुळे एखादे मूल शाळा सोडून गेले, तर त्याची काळजी जितकी वर्गशिक्षकाला असते तितकीच ती मुख्याध्यापकांच्या टेबलावरील तक्त्यालाही असते. मुलांच्या बाजूने पाहता लहान तुकडीचा अर्थ निराळा आहे. कबड्डीच्या संघात जे सात, तेच लेझमीच्या ओळीत आणि तेच समूहगीतात. कोणाचे अक्षर कसे आहे, कोणाच्या डब्यात शेंगाची चटणी रोज असते, कोणाला वर्गात उभे केले की घाम फुटतो, हे प्रत्येकाला प्रत्येकाविषयी ठाऊक असते, आणि लपून राहण्याची सोय कोणालाच नसते.

चिंचोळीच्या बाबतीत लहान तुकडीच्या या अर्थाला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ मध्ये झाला, त्यानुसार १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्या महामंडळाच्या इंग्रजी नावाची 'एमआयडीसी' ही आद्याक्षरे राज्यभर ठिकठिकाणी वस्तीचेच नाव होऊन बसली. सोलापूर-पुणे महामार्गावर, मोहोळ तालुक्याच्या हद्दीतील चिंचोळीकाटी गावाजवळ वसलेली ही वसाहत त्यांपैकी एक होय. येथे रसायनांचे कारखाने आहेत, मोटारींच्या इंजिनात लागणारे कॅमशाफ्ट, म्हणजे झडपांची उघडझाप ठरावीक वेळी घडवून आणणारे दांडे, तयार होतात, आणि या कामांवर येणारा माणूस जसा कोंडी-पाकणीच्या शिवारातून येतो तसाच तो सोलापुरातील बंद पडलेल्या मागावरून, कर्नाटकातून आणि उत्तर हिंदुस्थानातूनही येतो. घरात तेलुगू किंवा कानडी, गल्लीत दखनी आणि वर्गात मराठी अशी तिहेरी भाषा बोलणारी मुले सोलापूरच्या परिसरात नवलाची नाहीत. गावात जन्मलेल्या मुलाला शाळेखेरीज भावकी असते, जत्रा असते, आजोळ चार कोसांवर असते. वसाहतीत भाड्याच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला यांपैकी काहीच जवळ नसल्याने वर्ग हेच त्याचे गाव होते. ठेकेदाराचे काम संपले की हे गावही एका रात्रीत सुटते, ही त्याची दुसरी बाजू.

आता तारखांकडे वळावे. ही तुकडी जून २०१९ मध्ये आठवीत आली. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागू झाली आणि आठवीची वार्षिक परीक्षा झालीच नाही. नववीचे वर्ष सुरू झाले ते फोनवर. राज्य शासनाने 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे त्या उपक्रमाचे नाव ठेवले होते, परंतु ज्या घरात एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर पहिल्या पाळीला कारखान्यात जात होता, त्या घरात त्या नावाचा पूर्वार्ध तेवढा खरा ठरला. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग पालकांच्या संमतिपत्रावर भरवण्याची मुभा मिळाली, आणि त्यानंतर दहाच दिवसांनी याच जिल्ह्यातील, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, ज्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड, म्हणजे फोनने टिपता येणारी चौकटीची खूण, हा ज्या कामाचा गाभा होता त्या कामाला जग मानपत्र देत असताना, ती खूण टिपण्यासाठी लागणारा फोन संध्याकाळी घरी येण्याची वाट पाहणारी मुले त्याच जिल्ह्यात होती. ही डिसले गुरुजींवरील टीका नव्हे. त्यांच्या कामाची गरज किती होती, हेच त्यावरून दिसते. पुढे दुसरी लाट आली, शाळा पुन्हा मिटल्या, आणि एप्रिल २०२१ मध्ये नववीची मुलेही परीक्षेवाचून वरच्या वर्गात घालण्यात आली. सलग दोन इयत्ता वार्षिक परीक्षा न देता दहावीत आलेली ही मुले होत.

दहावीच्या वर्षाला या आढाव्यात अधिक जागा द्यावी लागते, कारण दहावीपर्यंत पोचलेली मुले जेव्हा 'शाळेतले दिवस' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः तेवढेच दिवस असतात. कोरोनामुक्त गावांत १५ जुलै २०२१ पासून काही शाळा उघडल्या असल्या, तरी राज्यभर नियमित वर्ग भरले ते ४ ऑक्टोबरपासून. महिना पुरा होण्याआधीच एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, आणि तो थेट एप्रिल २०२२ पर्यंत चालला. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. ज्या वर्षी या पासाची सर्वाधिक गरज होती, त्या वर्षी पास खिशात होता आणि गाडी आगारात उभी होती. महामार्गाच्या कडेला वडापची, म्हणजे माणसे कोंबून नेणाऱ्या भाड्याच्या जीपची, वाट पाहणे हा त्यामुळे या तुकडीच्या अभ्यासक्रमाचा न छापलेला भाग झाला, आणि ज्या घरांना रोजचे वीस-तीस रुपये परवडले नाहीत त्या घरांतील मुलींची गैरहजेरी वाढली. महामारीच्या प्रत्येक आढाव्यात फोनचा उल्लेख येतो, एसटीचा मात्र क्वचितच येतो. हा दोष दुरुस्त करण्याजोगा आहे.

परीक्षा १५ मार्च ते ४ एप्रिल २०२२ या काळात झाली. अभ्यासक्रम चतुर्थांशाने कमी केलेला होता, ८० गुणांच्या पेपरला अर्धा तास अधिक मिळाला, आणि 'शाळा तेथे केंद्र' या धोरणानुसार मुलांनी बहुधा आपल्याच शाळेत पेपर लिहिले. एरवी दहावीची परीक्षा म्हणजे परक्या शाळेतील परक्या बाकावर बसणे असते. आधीच्या तुकडीला लेखी परीक्षाच द्यावी लागली नव्हती आणि तिचा निकाल ९९.९५ टक्के लागला होता. या तुकडीच्या वर्षी, १७ जून २०२२ रोजी, तो ९६.९४ टक्के लागला.

या टक्केवारीपाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. ती परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी उत्तीर्ण झालेल्यांची असते; जे बसलेच नाहीत ते तिच्या छेदातही नसतात. जून २०१९ मध्ये आठवीच्या हजेरीपटावर असलेली आणि मार्च २०२२ मध्ये परीक्षेच्या बैठक-क्रमांकांत नसलेली नावे कोठे गेली, याचे उत्तर दाखल-खारीज रजिस्टरात, म्हणजे प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंद ठेवणाऱ्या जाड वहीत, मिळावयास हवे. त्या वहीत 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो, आणि दहावी झालेल्यांपुढे 'इ. १० वी उत्तीर्ण' असे तर मध्येच गेलेल्यांपुढे 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिण्याचा प्रघात आहे. या दोन शब्दांत परत मुलुखाला गेलेले कुटुंब, वयाआधी उरकलेले लग्न आणि हेल्पर म्हणून कामावर लागलेला मुलगा हे सर्व एका मापाने मावतात. 'वर्तणूक' या रकान्यात मात्र त्या सर्वांपुढे 'चांगली' असेच असते. ज्यांनी दाखलाच मागितला नाही, त्यांच्यापुढे तेही नाही.

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे सामान्यतः दहावीच्या यादीवरून भरवले जातात. ज्या तुकडीची आठवी ते दहावीची तिन्ही वर्षे धड गेली तिच्यापुरती ही पद्धत चालण्यासारखी आहे. येथे मात्र जी आठवण सर्वांची आहे, म्हणजे अखंड भरलेल्या वर्गाची, खेळांची, दिवाळीच्या सुटीपर्यंत चाललेल्या चाचणीची, ती आठवीच्या वर्षातील आहे, आणि ते वर्ष जगलेल्यांपैकी काही जण दहावीच्या निरोप समारंभाच्या छायाचित्रात नाहीत. आयटीआय करून शिकाऊ म्हणून वडिलांच्याच कारखान्याच्या फाटकातून आत जाणारा मुलगा आणि आठवीनंतर त्याच फाटकातून हेल्पर म्हणून आत गेलेला त्याचा बाकावरचा सोबती आज कदाचित एकाच पाळीत असतील. मेळाव्याचे निमंत्रण त्यांपैकी एकालाच जावे, याचे समर्थन करणे कठीण आहे.

म्हणून बाईंना एवढीच विनंती की, निमंत्रणाची यादी दहावीच्या निकालपत्रावरून न करता जून २०१९ च्या आठवीच्या हजेरीपटावरून करण्यात यावी. तो हजेरीपट कार्यालयातील कपाटात असेल. त्याची एक प्रत काढून ठेवल्यास पत्ते शोधण्याचे काम तुकडीतील मुले कारखान्यातील पाळी सुटल्यावर करतील.



आपला आज्ञाधारक
एक माजी विद्यार्थी